पुढच्या चाली मनात बघण्याचा सराव: खोली वाढवावी की चित्र ताजे ठेवावे?

आडवी_तिरपी

"याला दोन-तीन चालींच्या पुढचे दिसत नाही" हे वाक्य बुद्धिबळाच्या वर्गांत आणि स्पर्धेच्या ठिकाणी बाहेर थांबलेल्या पालकांच्या बोलण्यात वारंवार ऐकू येते. त्यावर सुचवला जाणारा उपायही ठरलेला असतो : आणखी लांबचे बघ, पाच चालींची कोडी सोडव, डोळे बांधून खेळ. मला हा उपाय मुळातच चुकीच्या जागी लावला जातो असे वाटते. बहुतेक खेळाडूंचे कॅल्क्युलेशन, म्हणजे पुढच्या चालींचा मनातला हिशेब, चौथ्या-पाचव्या चालीवर फसते खरे, परंतु बिघाड तेथे झालेला नसतो. तो पहिल्या किंवा दुसऱ्या चालीलाच झालेला असतो, कारण मनातल्या पटावर सोंगटी हलते, पण ती जिथून हलली ते घर रिकामे होत नाही.

रुय लोपेझ या डावाच्या सर्वपरिचित सुरुवातीतले उदाहरण घेऊ (घराच्या नावातले अक्षर म्हणजे ए ते एच यांपैकी उभी पट्टी, अंक म्हणजे १ ते ८ यांपैकी आडवी ओळ). पांढऱ्याने ई४, काळ्याने ई५. पांढऱ्याचा घोडा एफ३ वर, काळ्याचा सी६ वर. पांढरा उंट बी५ वर आणि काळ्याचे प्यादे ए६ वर. आता पांढऱ्याकडून खेळणारा नवखा मुलगा असा विचार करतो : उंटाने सी६ चा घोडा मारायचा, काळा डी प्याद्याने उंट मारेल, मग ई५ चे प्यादे राखायला कोणीच उरत नाही, म्हणजे माझ्या घोड्याला ते फुकट मिळेल. प्रत्यक्षात घोड्याने ई५ मारताच काळा वजीर डी४ वर येतो, घोडा आणि ई४ चे प्यादे अशा दोघांवर एकाच वेळी मारा करतो आणि प्यादे परत मिळवतो. मुलाला हे का दिसत नाही? वजिराची चाल त्याला ठाऊक आहे आणि दुहेरी माराही ठाऊक आहे. फक्त त्याच्या मनात डी७ चे प्यादे अजून डी७ वरच उभे आहे, त्यामुळे वजिराची उभी पट्टी त्याला बंद दिसते.

सोव्हिएत ग्रँडमास्टर आणि मानसशास्त्रज्ञ निकोलाय क्रोगिउस यांनी अशा चुकांची फार उपयुक्त विभागणी केली आहे. पहिला प्रकार वरच्यासारखा, म्हणजे जुन्या स्थितीचा अंश नव्या स्थितीत तसाच उरणे. दुसऱ्या प्रकारात खेळाडू एखाद्या अनुकूल स्थितीपाशी पोचला की डाव संपल्यासारखा थांबतो आणि प्रतिस्पर्ध्याकडे अजून चाल शिल्लक आहे हे विसरतो. तिसऱ्या प्रकारात पुढे कधीतरी होऊ शकणारा धोका आत्ताच पटावर असल्यासारखा भासू लागतो आणि त्या भीतीने चांगली चाल टाकून दिली जाते. या तिन्हींपैकी एकही चूक "अजून लांबचे बघ" असे सांगून सुधारत नाही. उलट लांबी वाढली की चुकीला वाव वाढतो.

म्हणून मी सरावासाठी एक साधी पद्धत सुचवतो. मनात प्रत्येक चाल केल्यावर, स्वतःची असो वा प्रतिस्पर्ध्याची, पुढे जाण्याआधी थांबून दोन प्रश्नांची उत्तरे ओठ हलवून द्यावीत : कोणते घर रिकामे झाले आणि त्यामुळे कोणती रेषा उघडली? कोणते घर भरले आणि त्यामुळे कोणती रेषा बंद झाली? सुरुवातीला हे अत्यंत संथ वाटते. पण दोन पूर्ण चालींचे चित्र अशा रीतीने स्वच्छ ठेवता येऊ लागले की तिसरी आणि चौथी चाल फारशा कष्टांशिवाय जोडली जाते, असे मी शिकवताना सातत्याने पाहिले आहे.

सरावाचे पहिले साहित्य म्हणून १९२१ मध्ये रिचर्ड रेती यांनी रचलेली प्रसिद्ध स्थिती घ्यावी, कारण तीत चारच सोंगट्या आहेत आणि स्मरणावर काहीच ताण येत नाही. पांढरा राजा एच८, पांढरे प्यादे सी६, काळा राजा ए६, काळे प्यादे एच५. चाल पांढऱ्याची असून त्याला बरोबरी करायची आहे. सरळ एच पट्टीतून पाठलाग केला तर राजा दोन चालींनी मागे पडतो. तो तिरपा निघतो : जी७, एफ६. तोवर काळे प्यादे एच४ वर आलेले असते. येथे काळा राजा बी६ वर आला तर पांढरा राजा ई५ वर जातो, आणि ई५ हे एकच घर त्याला दोन्ही दिशा मोकळ्या ठेवते. काळ्याने सी६ मारले तर एफ४ वर येऊन तो काळ्या प्याद्याला गाठतो. काळ्याने प्यादे एच३ वर ढकलले तर डी६ वर जाऊन तो स्वतःच्या प्याद्याला आठव्या ओळीपर्यंत, म्हणजे वजीर होईपर्यंत, नेतो. हे सारे पट न मांडता, दोन्ही फांद्यांसह, शेवटच्या स्थितीतल्या प्रत्येक सोंगटीचे घर सांगता येईपर्यंत करावे.

येथील अनुभवी मंडळींनी आपापल्या सरावाविषयी लिहावे, अशी विनंती.

हिशेबी

लेख विचारपूर्वक लिहिलेला आहे, परंतु त्यामागच्या गृहीतकाविषयी मला मूलभूत शंका आहे. मनात पट बघणे ही स्वतंत्रपणे वाढवता येणारी शक्ती आहे असे आपण धरून चाललो आहोत. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खेळाडूंना स्थिती पाच सेकंद दाखवून ती पुन्हा मांडायला सांगितली होती. खऱ्या डावातील स्थिती मास्टरने नवख्यापेक्षा कितीतरी अचूक मांडली, पण त्याच सोंगट्या वाटेल तशा विखुरल्यावर हे श्रेष्ठत्व नाहीसे झाले. मास्टरची दृष्टी असामान्य नसते. किल्लेकोट केलेला राजा, त्यापुढची तीन प्यादी आणि एफ३ चा घोडा हा सारा ऐवज तो एकच वस्तू म्हणून ओळखतो. मग मुलांचा वेळ मनातल्या पटावर घालवण्याऐवजी तो उत्तम डाव अभ्यासण्यात आणि डावपेचांची कोडी सोडवण्यात का घालवू नये?

डोळे बांधून खेळण्याबद्दल तर मी अधिकच साशंक आहे. मिगेल नायडॉर्फ १९४७ मध्ये साओ पाउलो येथे ४५ पटांवर आणि तिमूर गारेयेव २०१६ मध्ये लास व्हेगास येथे ४८ पटांवर न बघता खेळले, हे अचाटच आहे. परंतु जगज्जेतेपद त्या वाटेवरून मिळत नाही. एकाच वेळी अनेक पटांवर न बघता खेळण्याच्या अशा कार्यक्रमांवर सोव्हिएत संघात १९३० मध्ये आरोग्यास अपायकारक म्हणून बंदीच घालण्यात आली होती.

आडवी_तिरपी

चेस-सायमन यांचा मुद्दा मला मान्य आहे, फक्त त्यात एक भर घालावी लागेल. फर्नांड गोबे आणि सायमन यांनी पुढे, १९९६ मध्ये, जुन्या प्रयोगांचा आढावा घेतला तेव्हा विखुरलेल्या स्थितींतही बलवान खेळाडूंची सरशी थोडी, पण टिकून असल्याचे आढळले. शिवाय त्या प्रयोगात स्थिर स्थिती लक्षात ठेवायची होती, तर आपला प्रश्न हलत्या स्थितीचा आहे. डी७ चे प्यादे सी६ वर गेल्याची नोंद मनात होणे ही ओळखीपेक्षा वेगळी क्रिया आहे, आणि ओळखीचा साठा मोठा असलेले खेळाडूही तिथे चुकतात.

४८ पटांचा विक्रम मलाही सरावाचा नमुना वाटत नाही. पण एकाच पटावर न बघता खेळणे निराळे. मुख्यतः मोनॅकोत भरणाऱ्या अंबर स्पर्धा १९९२ पासून २०११ पर्यंत झाल्या. तेथे आनंद, क्रामनिक, इवान्चुक यांच्यासारखे खेळाडू एक डाव जलद आणि एक डाव न बघता खेळत. न बघता खेळताना त्यांच्यासमोर संगणकाच्या पडद्यावर रिकामा पट असे. हा बारकावा महत्त्वाचा आहे : घरे डोळ्यांसमोर होती, सोंगट्या मनात होत्या.

गोदाकाठ

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि नाशिकमध्ये शिकते आहे. इथलेच ग्रँडमास्टर विदित गुजराथी यांच्यामुळे आमच्याकडे या खेळाचे आकर्षण मोठे आहे, त्यामुळे वर्गही भरलेले असतात. तिला डोळे मिटून चाली सांगायला लावले की ती थोड्या वेळात कंटाळते, डोके दुखते म्हणते आणि नंतर पटावरही बसायला तयार नसते. "एफ६ चे घर काळे की पांढरे?" असे विचारले तर ती बोटांनी हवेत मोजत बसते. या वयात हा सराव करून घ्यावा का, आणि घ्यायचा तर कुठून सुरुवात करावी, हे कृपया सविस्तर सांगावे.

प्यादे_सातव्या_घरात

ताई, मी लहान मुलांना शिकवते, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. पहिली गोष्ट म्हणजे डोळे मिटायला लावणे थांबवा. डोळे मिटणे आणि मनात बघणे यांचा काहीही संबंध नाही. स्पर्धेत मूल उघड्या डोळ्यांनी, समोर भरलेला पट असताना पुढची स्थिती कल्पिणार आहे, तेव्हा सरावही तसाच हवा. समोरचा पट खरे तर अडथळाच आणतो, कारण तो सतत जुनी स्थिती दाखवत राहतो, आणि त्या अडथळ्याचीच सवय करायची असते.

दुसरे, घरांची ओळख. मुलीला मोजत बसावे लागते याचा अर्थ पट अजून तिच्या हाडीमाशी मुरलेला नाही, आणि तोपर्यंत पुढचा कोणताही सराव तिला शिक्षाच वाटेल. पटाचे चार चौकोन करा, प्रत्येकी चार गुणिले चार घरांचे. चारही चौकोनांतली रंगांची मांडणी अगदी एकसारखी असते : ए१, ई१, ए५, ई५ ही प्रत्येक चौकोनाच्या खालच्या डाव्या कोपऱ्याची घरे काळीच. म्हणजे ६४ घरांऐवजी सोळाच घरे पाठ करायची. अडले तर ताळा म्हणून अक्षराचा क्रमांक आणि अंक यांची बेरीज करावी. ती सम आली तर घर काळे, विषम आली तर पांढरे. एफ सहावे अक्षर, सहा अधिक सहा बारा, म्हणून एफ६ काळे. पण ताळा फक्त तपासण्यापुरताच ठेवा, नाहीतर मूल जन्मभर बेरजा करत बसते. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर घरे ओळखण्याचा सराव मोफत आहे आणि तो काळ्याच्या बाजूनेही करता येतो. काळ्याच्या बाजूने अवश्य करून घ्या, कारण अनेक मुलांना पट फक्त पांढऱ्याकडूनच माहीत असतो.

तिसरे, घोडा. डी४ वरचा घोडा कुठे कुठे जातो ती आठ घरे मुलांना श्लोकासारखी म्हणता आली पाहिजेत. मग रिकाम्या पटाकडे बघत घोड्याचे प्रवास सांगायचे. ए१ वरून शेजारच्या तिरप्या घरी, बी२ वर, जायला घोड्याला चार चाली लागतात हे मुलांना खरेच वाटत नाही, आणि ते पडताळून पाहायला ती आपणहून बसतात : सी२, बी४, डी३, बी२. घोडा प्रत्येक चालीला घराचा रंग बदलतो हे एकदा उमगले की बऱ्याच अशक्य वाटा मूल न मोजताच सोडून देते.

आणि शेवटचा प्रकार, जो मला सर्वांत फलदायी वाटतो. एखादा छापील डाव पटावर दहाव्या चालीपर्यंत मांडा. पुढच्या दोन चाली, दोन्ही बाजूंच्या, मुलाने कागदावर वाचायच्या, पण सोंगट्या हलवायच्या नाहीत. मग विचारा : आता पांढऱ्याचा कोणता मोहरा राखणीविना आहे? कोणाला शह देता येईल? उत्तर आले की सोंगट्या हलवून मुलालाच तपासू द्या. जमू लागले की दोनाच्या तीन चाली करा. चूक झाली तर आकडा वाढवू नका. वेळ थोडाच ठेवा आणि मूल उत्साहात असतानाच थांबा.

स्पर्श

अंध खेळाडूंच्या स्पर्धांत मी स्वयंसेवक म्हणून जातो. या धाग्याशी थेट संबंध असल्याने तिथे जे पाहायला मिळते ते लिहितो. चारुदत्त जाधव यांनी उभ्या केलेल्या अखिल भारतीय अंध बुद्धिबळ महासंघामुळे हा खेळ देशभर पसरला, आणि महाराष्ट्रातही त्याचे अनेक गुणी खेळाडू आहेत. दोन्ही खेळाडूंचे पट वेगळे असतात. काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घराला खाच असते आणि सोंगट्यांचे रंग बोटांना कळावेत म्हणून एका बाजूच्या सोंगट्यांच्या डोक्यावर खूण असते. चाल मोठ्याने सांगितली जाते, प्रतिस्पर्धी ती पुन्हा उच्चारतो आणि आपल्या पटावर करतो. अक्षरांच्या उच्चारात गोंधळ होऊ नये म्हणून उभ्या पट्ट्यांना ॲना, बेला, सीझर, डेव्हिड, ईव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर अशी नावे आहेत.

बघणाऱ्याला वाटते की खेळाडू सतत पट चाचपत असतील. निष्णात खेळाडू तसे करत नाहीत. प्रतिस्पर्ध्याची चाल ऐकल्यावर त्यांची बोटे सगळ्या पटावर फिरत नाहीत. ज्या घरातून सोंगटी निघाली तिथे आणि ती जिथे पोचली तिथे ती आधी जातात, आणि मग त्या दोन घरांमधून जाणाऱ्या रेषांवरून सरकतात. आडवी_तिरपी यांनी सांगितलेले दोन प्रश्न म्हणजे नेमकी हीच क्रिया आहे. फरक इतकाच की ती येथे बोटांनी होते. डोळस मुलांकडूनही हा प्रकार करून घेता येईल : चाल मनात करायची, पण रिकामे झालेले आणि भरलेले घर बोटाने दाखवायचे. सरावात तरी त्याला हरकत असू नये.

कोरी_पाटी

मी बऱ्यापैकी खेळते आणि माझ्या मनात चित्र अजिबात उमटत नाही. डोळे मिटून आंब्याचा विचार केला तरी मला आंबा दिसत नाही, आंब्याविषयी जे माहीत आहे तेवढे आठवते. या अवस्थेला २०१५ मध्ये ॲडम झीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अफँटेशिया हे नाव दिले. म्हणून "पट डोळ्यांपुढे उभा कर" ही सूचना माझ्यासारख्या मुलांना खचवणारी असते, हे शिक्षकांनी लक्षात घ्यावे असे मला कळकळीने सांगायचे आहे. त्या मुलाला वाटते की इतरांना जे दिसते ते मला दिसत नाही, तेव्हा हा खेळ माझा नाही.

पण इतरांनाही ते तितकेसे दिसत नसावे. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी न बघता खेळणाऱ्यांचा अभ्यास करून १८९४ मध्ये निष्कर्ष मांडले. छायाचित्रासारखा पट दिसत असेल या अपेक्षेने त्यांनी विचारणा सुरू केली होती. अनेक बलवान खेळाडूंनी सांगितले की सोंगट्यांचा आकार किंवा रंग त्यांना स्पष्ट दिसत नाही. त्यांना जाणवते ती सोंगटीची ताकद, ती कुठे मारा करते आणि कोणाला राखते हे. माझाही अनुभव हाच आहे. माझ्या डोक्यात "डी५ वर हत्ती" असे चित्र नसते. "डी पट्टी आणि पाचवी ओळ हत्तीच्या ताब्यात, मध्ये कोणी नाही" अशी वाक्ये असतात. चाल झाली की वाक्य बदलते.

आडवी_तिरपी

आपल्या दोघांच्या प्रतिसादांनी धाग्याला मोठी भर घातली आहे. स्पर्श यांचे निरीक्षण मी सरावात नक्की वापरेन. या निमित्ताने दुसरी स्थिती देतो, जी सावेद्रा यांच्या नावाने प्रसिद्ध असून १८९५ मध्ये ग्लासगोतील वृत्तपत्रात आली होती. पांढरा राजा बी६, पांढरे प्यादे सी६, काळा राजा ए१, काळा हत्ती डी५. चाल पांढऱ्याची आहे आणि तो जिंकतो. कृपया पट मांडू नये, इंजिन (चाली शोधणारा संगणक-प्रोग्रॅम) लावू नये, आणि उत्तरापेक्षा विचार कसा केला ते लिहावे.

गोदाकाठ

प्यादे_सातव्या_घरात, आपले मनःपूर्वक आभार. चार चौकोनांची युक्ती मुलीला फार आवडली. तिने स्वतः कागदावर चौकोन रंगवले आणि आता ती मलाच घरे विचारते आहे. छापील डावाचा प्रकार या आठवड्यात सुरू करू.

कोरी_पाटी

सावेद्रांच्या स्थितीचा विचार लिहिते. प्यादे सी७ वर. रिकामे झालेले घर सी६, त्यामुळे सहावी ओळ उघडली आणि माझा राजा त्याच ओळीत बी६ वर आहे. म्हणून काळा हत्ती डी६ वर येऊन शह देतो. प्यादे अजून सी६ वर आहे असे मनात राहिले, तर हा शह दिसणारच नाही. आता राजा सी५ वर नेला तर तो प्याद्याच्याच पट्टीत जातो. हत्ती डी१ वर जाईल आणि माझा वजीर सी८ वर झाला की सी१ वरून शह देऊन वजीर पटकावेल. राजा बी७ वर गेला तर हत्ती डी७ वर येऊन प्यादे राजापुढे बांधून टाकेल. म्हणून राजा बी पट्टीतूनच उतरतो : बी५, डी५ वरून शह, बी४, डी४ वरून शह, बी३, डी३ वरून शह. आता सी२. राजाच्या ताब्यात डी१ आणि डी३ दोन्ही आहेत, तेव्हा शह संपले आणि वजीर होणार.

येथे मी थांबणार होते, पण क्रोगिउस यांचा दुसरा प्रकार आठवला, म्हणून काळ्याची चाल विचारली. हत्ती पुन्हा डी४ वर. मी वजीर केला तर तो सी४ वर शह देतो, वजिराने हत्ती मारला की काळ्या राजाला ए२, बी१, बी२ ही तिन्ही घरे बंद, शह नाही आणि चालही नाही. म्हणजे स्टेलमेट, डाव बरोबरीत. त्या तिघांपैकी ए२ वजिराने तिरपे अडवलेले होते. म्हणून वजिराऐवजी हत्ती करायचा! हत्ती तिरपा चालत नाही, ए२ मोकळे राहते. आता माझी धमकी ए८ वरून मात करण्याची आहे. काळा ए४ वर हत्ती आणून ती अडवतो, तेव्हा राजा बी३ वर जातो. तो हत्तीवर मारा करतो आणि सी१ वर मातीची धमकीही देतो. काळ्याला दोन्ही सावरता येत नाहीत.

हिशेबी

उत्तर निर्दोष आहे. मी मात्र राजा सी५ वर नेला होता आणि डी१ ची चाल माझ्या लक्षातच आली नव्हती. आपण सी पट्टीचा उल्लेख केल्यावर ती समजली. डाव अभ्यासण्याला पर्याय नाही हे माझे मत कायम आहे, पण माझी चूक अज्ञानाची नव्हती, राजा नव्या पट्टीत आल्याची नोंद न घेतल्याची होती, हे मला मान्य करायला हवे. यापुढे कोडी सोडवताना उत्तर तपासण्याआधी शेवटच्या स्थितीतील प्रत्येक सोंगटीचे घर लिहून काढायचे, असे ठरवले आहे. चारपाच सोंगट्यांच्या आणखी काही रचना कोणाकडे असल्यास त्या येथेच, फक्त घरांच्या नावांनी, द्याव्यात. चित्र लावू नये.